संगणकाला सांगा, मी अजून आहे
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘संगणक आणि आधुनिक जीवन’ हा विषय दिलेला आहे. विषय मोठा आहे आणि मी लहान माणूस आहे. मी काही शास्त्रज्ञ नाही, प्राध्यापक नाही. गेली तीस-बत्तीस वर्षे संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. सुताराने लाकडाबद्दल बोलावे, तसे मी संगणकाबद्दल बोलणार. मधूनच विजेबद्दल बोलेन, लोकलबद्दल बोलेन. कोणाला विषयांतर वाटले तर त्यांनी सांभाळून घ्यावे. माझ्या आयुष्यात या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सुरू झाल्या, म्हणून मला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

ते ठिकाण म्हणजे ठाकुर्ली. तिथे रेल्वेने आपल्या गाड्यांसाठी बांधलेले चोळे पॉवर हाऊस होते. आता ते केव्हाच बंद पडले, पण आमच्या लहानपणी त्याचा भोंगा हेच आमचे घड्याळ होते. माझे वडील तिथे कोळशाच्या कामावर खलाशी होते. संध्याकाळी घरी आले की आई आधी त्यांच्या डोक्यावर दोन तांबे पाणी ओतायची, ते काळे होऊन मोरीत जायचे. त्या कोळशावर वीज व्हायची आणि त्या विजेवर मुंबईची लोकल धावायची. आणि आमच्या खोलीत? आमच्या खोलीत कंदील होता! मी सातवीत जाईपर्यंत आमच्याकडे वीज नव्हती. वीजघराचे दिवे दारातून दिसायचे आणि मी कंदिलाच्या उजेडात गणितं करायचो. वडिलांना त्यात काही विशेष वाटत नसे. मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न चिकटला, तो अजून सुटलेला नाही. वस्तू बनवणारा एक आणि वापरणारा दुसरा, असं का?

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते हे आपणास माहीत आहे. परंतु वीज हा विषयसुद्धा त्याच खात्याकडे होता, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लक्षात नसते. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, त्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. विजेचा प्रश्न हा इंजिनिअरचा प्रश्न आहे तितकाच तो माणसाच्या भाकरीचा प्रश्न आहे, हे त्यांनी ओळखले होते. माझ्या मते आज संगणकाचेही तेच झाले आहे. ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. ती मला आमच्या शेजारच्या एका मावशीने शिकवली. तोच प्रसंग आज सांगणार आहे, कारण त्यात चूक माझी होती.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एक काम आले होते. निराधार, विधवा, वृद्ध अशा माणसांना जे मासिक मानधन मिळते, त्यांच्या दोन याद्या होत्या. एक यादी कार्यालयाची आणि एक बँकेची. दोन्ही यादीतली नावे जुळवायची आणि जुळतील त्यांचे पैसे पुढे पाठवायचे. काम सोपे वाटले. मी आठ दिवसांत प्रोग्रॅम लिहिला. नाव जुळले की पुढे, नाही जुळले की बाजूला. साहेब खूष झाले, मला शाबासकी मिळाली.

आता याद्या होत्या इंग्रजीत. आपले वाघमारे घ्या. कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. आपल्याला माहीत आहे की हा एकच माणूस. संगणकाला ते माहीत नाही. त्याला कोणी सांगितले तरच ते कळते, आणि सांगायचे काम माझे होते. पुन्हा आपल्या बायकांचे नाव लग्नानंतर बदलते. माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्या कागदावर. कुठे वडिलांचे नाव मध्ये, कुठे नवऱ्याचे. मी हे सगळे जाणत होतो. अहो, माझ्या स्वतःच्या आईची तीन कागदांवर तीन नावे होती! तरीसुद्धा प्रोग्रॅम लिहिताना मला ते आठवले नाही. खुर्चीवर बसलं की माणूस आपल्या घरचंही विसरतो.

पाच महिने गेले. एका रविवारी मी आईकडे गेलो होतो. शेजारच्या मावशी येऊन बसल्या. त्यांचे मालक माझ्या वडिलांबरोबर कोळशावर होते, लवकर गेले बिचारे. मावशी म्हणाल्या, “पैसं बंद झाल्यात रे. पाच महिनं झालं. खिडकीवरचा बाबा म्हणतो, कंप्युटरमधी तुमचं नाव न्हाई. तू कंप्युटरचंच काम करतोस ना? मग तुझ्या त्या मशीनला सांग की, मी हाय अजून.”

मला आधी हसू आले. नंतर मी खातेपुस्तक बघितले, कार्यालयाचे नाव बघितले, आणि माझ्या पोटात गोळा आला. तो माझाच प्रोग्रॅम होता.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी बाजूला पडलेली यादी काढली. मावशीचे आडनाव एका ठिकाणी ‘व्ही’ने, एका ठिकाणी ‘डब्ल्यू’ने. एक अक्षर! त्या यादीत त्या एकट्या नव्हत्या, पानेच्या पाने होती. आणि खरी चूक अक्षराची नव्हती. ‘जुळले नाही तर बाजूला ठेव’ असे मी लिहिले होते, पण बाजूला ठेवलेल्यांचे पुढे काय करायचे हे मी लिहिलेच नव्हते. मला कोणी विचारले नाही, मी कोणाला विचारले नाही. ती यादी कोणी उघडतच नव्हते. खिडकीवरचा माणूस खोटे बोलत नव्हता, त्याच्या पडद्यावर नाव खरोखरच नव्हते. साहेबही खोटे बोलत नव्हते, त्यांच्या अहवालात सगळे व्यवस्थित होते. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि मावशी पाच महिने उसनवारीवर.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. न जुळलेली यादी दर आठवड्याला कागदावर छापायची, एका माणसाने ती बघायची आणि सही करायची, एवढेच. मावशींचे पैसे सुरू झाले, मागचेही मिळाले. मी त्यांना सांगितले की मावशी, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, “असू दे, सापडली न्हवं.” त्यांनी मला माफ केले. पण त्या पाच महिन्यांत त्यांनी कोणाकोणापुढे हात पसरले, हे मला आईने नंतर सांगितले. ते मी इथे सांगत नाही.

बंधू-भगिनींनो, म्हणून माझे पहिले मत ऐका. संगणक काहीच ठरवत नाही. ठरवतो माणूस, आणि संगणक ते पाळतो. ‘कंप्युटरमध्ये नाही’ हे उत्तर नव्हे. ते वाक्य ऐकले की खिडकीवरून परत फिरू नका. शांतपणे तीन गोष्टी विचारा. एक, नेमके कुठल्या रकान्यात अडले आहे? दोन, ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला आहे? तीन, मी आज येऊन गेलो याची लेखी पोच मिळेल का? २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत देण्याचे बंधन आहे आणि नाही दिली तर अपील करता येते. कायदा आहे, पण तो मागणाऱ्यासाठी आहे.

आणि इथे बसलेली मुले उद्या प्रोग्रॅमर होतील, त्यांच्यासाठी. हल्ली आपण विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाला उत्तर देणारी संगणकाची बुद्धी आली आहे. मी ती कामात वापरतो, उपयोगी आहे. पण ती चूक उत्तरसुद्धा बरोबर उत्तराच्याच थाटात देते. आवाजात जरासुद्धा अडखळत नाही! तेव्हा पडताळा घेण्याची सवय सोडू नका. ‘बाजूला पडलेल्यांचे काय?’ हा प्रश्न विचारणारा कोणीतरी खोलीत पाहिजे, आणि तो तुमच्यापैकी असला पाहिजे.

आता विजेकडे वळतो. प्रोग्रॅमरच्या धंद्यात एक शहाणपण आहे, ते आम्हाला मार खाऊनच येते. एकदा एक प्रोग्रॅम फार हळू चालत होता. मला वाटले अमुक भाग हळू आहे. तीन दिवस खपून मी तो भाग दुप्पट वेगाचा केला. नंतर मोजले तर कळले, की एकूण वेळात त्या भागाचा हिस्सा नगण्य होता. वेळ जात होता भलतीकडेच. तेव्हापासून नियम केला, आधी मोजायचे, मग हात घालायचा.

घरातल्या विजेचेही असेच आहे. बाप मुलाला ओरडतो, “मोबाइल सारखा चार्जिंगला लावतोस, बिल किती येतं!” चला, मोजू या. आजचा साधा मोबाइल एकदा पूर्ण चार्ज करायला साधारण ०.०२ युनिट वीज लागते. म्हणजे एका युनिटमध्ये पन्नासएक वेळा चार्ज होतो. एवढ्या विजेत एक-दीड कप चहाचे पाणी उकळेल, बस्स. आणि तोच बाप सकाळी दोन हजार वॅटचा गिझर वीस मिनिटे लावतो, त्याला सुमारे ०.६७ युनिट लागते. म्हणजे मोबाइलचे तीस-पस्तीस दिवसांचे चार्जिंग बापाने एका आंघोळीत संपवले! (हशा) मुलांनो, टाळ्या वाजवू नका. तुम्ही जो व्हिडिओ बघता, तो साठवून ठेवणारी मोठमोठी डेटा सेंटर नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात उभी आहेत. ती रात्रंदिवस वीज घेतात, आणि यंत्रे गार ठेवायला वेगळी घेतात. तो खर्च घरच्या मीटरवर दिसत नाही इतकेच.

पंख्याचे बघा. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा. आता बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात, ते तीसएक वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. दिवसाला बारा तास पंखा चालला तर जुन्याला ०.९ युनिट, नव्याला ०.३६. वर्षातले तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे १६० युनिटच्या आसपास बचत. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी आला, तो तर आपण सगळ्यांनी लावलाच आहे. ही खरी प्रगती, कारण ती चाळीतल्या खोलीपर्यंत आली. आणि ज्या आया डाळ भिजत घालून मग कुकर लावतात, त्यांना कोणी इंजिनिअर म्हणत नाही, पण इंधनाची बचत त्यांनी आपल्या जन्माआधीपासून चालवली आहे.

हे सगळे मी का सांगतो? कोळशावरच्या वीजघरात जेवढी उष्णता तयार होते, तिच्यातली एक तृतीयांशच्या आसपास विजेत येते. बाकीची हवेत आणि पाण्यात जाते. एका युनिटमागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो. माझ्या वडिलांच्या हातून गेलेला कोळसा मी पाहिला आहे, म्हणून मला दिवा उगाच जळताना बघवत नाही. आज चंद्रपूरचे मोठे वीजघर कोळशावर चालते. उजेड मुंबई-पुण्यात पडतो आणि राख-धूळ चंद्रपूरच्या वाट्याला येते. कोयनेचे पाणी वीज देते, पण धरणासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांची पुढची पिढी अजून पुनर्वसनासाठी झगडते आहे. वीज वापरू नका असे मी म्हणणार नाही. ज्याने कंदिलात अभ्यास केला तो असे म्हणूच शकत नाही. ज्याला मिळाली नाही त्याला आधी मिळाली पाहिजे. पण ज्याला मिळाली त्याने हिशेब ठेवला पाहिजे.

आता थोडे प्रवासाबद्दल. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली, तिला २०२५ मध्ये शंभर वर्षे झाली. तेव्हा १,५०० व्होल्ट डीसी वीज होती, पुढे बदलून २५,००० व्होल्टची एसी आली. नव्या लोकलमध्ये एक मजा आहे. ब्रेक लावला की मोटार उलटे काम करते, वीज तयार करते आणि ती वरच्या तारेत परत जाते. म्हणजे एका स्टेशनात थांबणारी गाडी थोडीफार वीज दुसऱ्या गाडीला उसनी देते. मला हे कळले तेव्हा फार आनंद झाला. यंत्रालाही देवाणघेवाण कळते!

माझे मित्र म्हणतात, एवढा पगार, गाडी का घेत नाहीस? मी म्हणतो, सत्तर किलोच्या माणसाला न्यायला हजार किलोचे लोखंड ओढायचे, हा हिशेब मला पटत नाही. लोकलमध्ये मी बऱ्याच गोष्टी शिकलो. माझे पहिले प्रोग्रॅमिंगचे पुस्तक मी ठाकुर्ली ते व्हीटी उभ्याने वाचून संपवले. परंतु लोकलचे नुसते कौतुक करून चालणार नाही. कमी विजेत जास्त माणसे जातात हे खरे, पण दाराला लोंबकळणाऱ्या पोराच्या जिवावर ती काटकसर उभी राहता कामा नये. पहाटेच्या गाडीने धुण्याभांड्याच्या कामाला जाणाऱ्या भगिनी इथे बसल्या आहेत, त्यांना मी वेगळे काय सांगू? बैठकीची जागा, प्लॅटफॉर्मवर स्वच्छ संडास, वेळेवर गाडी, हे मला बुलेट ट्रेनइतकेच मोठे तंत्रज्ञान वाटते.

रोजच्या जीवनातल्या दोन गोष्टी सांगून संपवतो. पहिली मोबाइलवरच्या पैशांची. यूपीआय २०१६ मध्ये आले, आज भाजीवाली मावशीसुद्धा चौकोन दाखवते. चांगली सोय आहे. फक्त एवढे लक्षात ठेवा, पैसे देताना पिन लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. ‘पैसे पाठवतो, तुम्ही पिन टाका’ असे कोणी म्हणाला की तो चोर समजा. ओटीपी कोणालाही सांगू नका, जावयालाही नाही! (हशा) आणि फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

दुसरी गोष्ट आपल्या विहाराची. ही स्मरणिका काढताना कार्यकर्त्यांनी मला जुन्या स्मरणिकेची फ्लॉपी आणून दिली. म्हणाले, यातला मजकूर काढून द्या. मोठ्या खटपटीने एक जुने यंत्र मिळवले, फाईल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिखल. त्या काळचे मराठी फाँट असे होते की आत इंग्रजीच्या जागा आणि वर देवनागरीचा मुखवटा. तो फाँट गेला की मजकूर मेला. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. आपल्या ‘क’ला स्वतःचा क्रमांक मिळाला. जगात कुठल्याही यंत्रावर तो ‘क’च राहतो. पण आपल्याकडे त्याचा वापर रुळायला बरीच वर्षे गेली आणि मधल्या काळातले कितीतरी लिखाण गमावले गेले. आपली ती स्मरणिका वाचली कशी? एका आजीने पत्र्याच्या पेटीत छापील प्रत जपून ठेवली होती! तिच्यात विहारासाठी विटा वाहणाऱ्यांची नावे आहेत. तेव्हा माझी विनंती, या वेळचा मजकूर युनिकोडमध्ये ठेवा, दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि चांगल्या कागदावर छापूनही ठेवा. माणसाचे नाव बाजूला पडू द्यायचे नाही.

आणि जाता जाता एक सूचना. आपल्या विहाराच्या गच्चीवर दिवसभर ऊन असते. एक किलोवॅटचे सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारएक युनिट देते. तीन किलोवॅट बसवले तर बाराएक युनिट. पावसाळ्यात कमी मिळेल, रात्री मिळणार नाही, त्यासाठी नेट मीटर लागेल, हे सगळे समितीने नीट मोजून बघावे. मी हिशेब करून देईन, फुकट करून देईन. पण त्या विजेवर खालच्या खोलीत अभ्यासिका चालावी, रात्री अकरापर्यंत दिवे आणि पंखे चालू राहावेत, आणि वस्तीतल्या ज्या मुलामुलींच्या घरी अभ्यासाला जागा नाही त्यांनी तिथे येऊन बसावे. आपल्याच गच्चीवर वीज व्हावी आणि आपल्याच पोरांच्या पुस्तकावर उजेड पडावा. माझ्या वडिलांच्या वाट्याला ते आले नाही. मावशी आता नाहीत. पण त्यांची नात दहावीला आहे, ती इथे मागे उभी आहे, तिच्या वाट्याला ते यावे.